बाही कुणाची?

ज्युदोच्या स्पर्धेत प्रतिस्पर्धी भेटायच्या आधी एक टेबल भेटतं. वजन झालेलं असतं, ड्रॉ लागलेला असतो, लाऊडस्पीकरवर नाव पुकारून झालेलं असतं, आणि मॅटकडे निघालेल्या पोराला मध्येच कुणीतरी अडवून म्हणतं, "हात पुढे कर." ते कुणीतरी म्हणजे मी. खेळणं सुटून बरीच वर्षं झाली. आता जिल्ह्याच्या आणि शालेय स्पर्धांमध्ये ड्रेस तपासायचं काम माझ्याकडे असतं. मानधन नाही, चहा भरपूर. या कामाला कुणी हौसेने पुढे येत नाही, कारण दिवसभर ज्याला त्याला नाराज करत बसायचं असतं. मला मात्र हे काम मनापासून आवडतं. ज्युदो म्हणजे नेमकं काय, हे मला खेळताना जेवढं कळलं नाही तेवढं या टेबलामागे बसून कळलं.

हातात एक मापपट्टी असते. तिचं जपानी नाव सोकुतेइकी. मोठ्या स्पर्धांत ती कारखान्यातून आलेली, गुळगुळीत असते. आमची एका सुताराने प्लायवूडची कापून दिली आहे आणि बाहीत धागे अडकू नयेत म्हणून कडा पॉलिश पेपरने घासलेल्या आहेत. पोरगं समोर येतं, दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर सरळ पुढे धरतं. बाहीची कड मनगटापर्यंत पोचली पाहिजे. मग पट्टी बाहीच्या तोंडातून आत सरकवायची. पंधरा सेंटीमीटरची ती पट्टी अडली तर बाही अरुंद. मग कॉलर, म्हणजे गळ्यापासून खाली येणारी ती जाड शिवलेली पट्टी: रुंदी चार ते पाच सेंटीमीटर, जाडी एक सेंटीमीटरच्या आत. जॅकेटच्या दोन बाजू एकमेकींवर किमान वीस सेंटीमीटर चढायला हव्यात, आणि जिथे त्या एकमेकींना ओलांडतात ती जागा गळ्याखालच्या खळगीपासून दहा सेंटीमीटरच्या आत हवी. पँट घोट्याच्या हाडाच्या वर फार तर पाच सेंटीमीटर. पट्ट्याची गाठ मारल्यावर दोन्ही टोकं वीस ते तीस सेंटीमीटर लोंबायला हवीत. सरावलेल्या हाताला या सगळ्याला अर्धं मिनिट लागतं. पोराच्या छातीची धडधड मात्र पट्टीपर्यंत जाणवते.

पालक हे लांबून बघत असतात. एका वडिलांनी मला एकदा तोंडावर विचारलं होतं, "अहो मॅडम, पोराला लढायचंय की लग्नाला जायचंय? दोन बोटं बाही कमी असली तर काय बिघडलं?"

प्रश्न रास्त आहे. बहुतेक खेळांत गणवेशाचा नियम दिसण्यासाठी असतो, ओळखीसाठी असतो, नाहीतर जाहिरातदारासाठी असतो. कराटेत बघा: जागतिक कराटे महासंघाच्या नियमांत बाही मनगटाच्या पुढे जाऊ नये आणि कोपर ते मनगट या अंतराच्या निम्म्याहून आखूड नसावी, इतकी सैल तरतूद आहे. तिथे बाही अर्धा वीत वर सरकली म्हणून समोरच्याचं फारसं नुकसान होत नाही. ठोसा काही बाहीला धरून मारत नाहीत. ज्युदोत सगळा खेळच कापडावर चालतो. उजव्या हाताने समोरच्याची कॉलर, डाव्या हाताने त्याची बाही, ही साधी पकड. त्या दोन मुठींतून त्याचा तोल कळतो, त्याच मुठींनी तो ढळवायचा आणि मग त्याच्या खाली शिरून त्याला फेकायचं. बाही आखूड असेल तर मुठीत मनगट येतं, घामाने ओलं झालेलं, आणि ते निसटतं. बाही तंग असेल तर बोटांत चिमूटभरही कापड गोळा होत नाही. कॉलर फळीसारखी कडक असेल तर बोटं तिच्याभोवती मिटतच नाहीत. असा ड्रेस घातलेला खेळाडू काहीही न शिकता अर्धा बचाव घरून घेऊन येतो.

म्हणून मी त्या वडिलांना म्हटलं, "ही बाही तुमच्या मुलाच्या अंगावर आहे, पण ती त्याची नाही. समोर जे पोरगं उभं राहणार आहे ना, त्याची आहे."

त्यांना ते पटलं नसावं. पण ते गृहस्थ सांगलीकडचे निघाले आणि कुस्ती बघितलेले, मग मी दुसरं उदाहरण दिलं. आखाड्यात लढत सुरू व्हायच्या आधी पैलवान वाकून मूठभर माती उचलतो आणि समोरच्याच्या अंगावर टाकतो, खांद्याला, पाठीला, मानेला चोळतो. समोरचाही तेच करतो. त्यात मातीला मान देणं आहेच, पण एक रोखठोक व्यवहारही आहे: घामेजल्या अंगावर हात ठरत नाही, माती लागली की ठरतो. ज्याला चितपट करायचं, त्यालाच आधी धरायला जागा द्यायची. आता मॅटवरच्या कुस्तीत माती नाही, पण अंगाला तेल किंवा चिकट काही लावून यायचं नाही, घाम पुसून यायचं, जवळ रुमाल ठेवायचा हे नियम त्याच वळणाचे आहेत. ज्युदोने मातीचं काम कापडावर सोपवलं, एवढंच. हे ऐकल्यावर ते हसले आणि पोराला म्हणाले, "जा, दुसरा ड्रेस माग कुणाचा तरी."

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 साली टोकियोतल्या एइशो-जी या बौद्ध मंदिरात, बारा तातामींच्या (जपानी चटयांच्या) खोलीत कोदोकान ही आपली ज्युदोशाळा सुरू केली, तेव्हा जॅकेटच्या बाह्या कोपराच्या आसपास संपायच्या आणि पँट तर चड्डीच म्हणावी अशी होती. जुन्या फोटोंत ती माणसं फार गमतीशीर दिसतात, गुडघे उघडे आणि चेहरे मात्र शोकसभेला आल्यासारखे. पुढे 1907 च्या सुमारास बाह्या आणि पँट दोन्ही लांब झाल्या. कोपर-गुडघे सोलवटायचे थांबले हा एक फायदा. मला दुसरा मोठा वाटतो: बाही लांब झाली तशी ती हत्यार झाली, आणि हत्यार दोघांच्या हातात सारखं आलं. कराटेचा पांढरा ड्रेसही इथूनच गेला. ओकिनावाहून आलेल्या गिचिन फुनाकोशींनी 1922 साली टोकियोत प्रात्यक्षिकं दाखवली, कोदोकानमध्येही दाखवली, आणि ज्युदोच्या जॅकेटची हलकी आवृत्ती कराटेवाल्यांनी उचलली. आज आपल्याकडे गल्लोगल्ली कराटेचे क्लास आहेत, त्यामुळे लोक ज्युदोच्या ड्रेसलाही कराटेचा ड्रेस म्हणतात आणि दुकानदार तर बिनदिक्कत तोच देतो. तो पहिल्याच सरावाला खांद्यात उसवतो. ज्युदोच्या जॅकेटचं कापड आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे चौरस मीटरला 650 ते 750 ग्रॅम भरावं लागतं. तांदळाचे दाणे पेरल्यासारखी त्याची वीण असते, बोट फिरवलं की कळते. ओढाताण सोसायची ती या विणीने.

आता नियम एवढे बारीक का झाले, तर माणसं हुशार असतात म्हणून. आम्ही खेळायचो तेव्हा बाही मनगटाच्या पाच सेंटीमीटर वर असली तरी चालायची. फक्त बाही आणि हात यांच्यामध्ये दहा ते पंधरा सेंटीमीटर मोकळी जागा हवी असा नियम होता. मग लोकांनी त्या "चालते"वर घरं बांधली. पाच सेंटीमीटरची सवलत आहे ना, मग बरोब्बर पाच सेंटीमीटर आखूड बाही शिवून घ्यायची. तपासणीच्या वेळी खांदे पुढे ओढून किंवा मागे खेचून बाही हवी तेवढी दाखवायची. कॉलर आत काहीतरी भरून टणक करायची. मोठ्या स्पर्धांत लढती म्हणजे दोघांनी एकमेकांचे हात झटकत राहणं, असं व्हायला लागलं. वर पकड मिळेना तेव्हा लोक खाली पायाला हात घालायला लागले, असं माझं आणि माझ्या वयाच्या बऱ्याच जणांचं मत आहे. पुढे पाय धरण्यावर 2010 मध्ये निर्बंध आले आणि 2013 मध्ये उभ्याने पाय धरणं जवळजवळ बंदच झालं. त्याच काळात ड्रेसचे नियमही आवळले: बाही मनगटापर्यंत, मापायला एकच पट्टी, आणि नापास ड्रेस घेऊन आलात तर राखीव ड्रेस घालून खेळा. मोठ्या स्पर्धेत त्याचा भुर्दंड कोचलाही बसतो, खेळाडूशेजारची त्याची खुर्ची जाते. मला हे कलम फार आवडतं. पंधरा वर्षांच्या पोराला काय माहीत कॉलर किती जाड आहे? ड्रेस कुणी निवडलेला असतो ते सगळ्यांना ठाऊक असतं.

मॅटवर गेल्यावरही सुटका नाही. जॅकेट पट्ट्याबाहेर आलं, की पंचांच्या 'माते' (थांबा) पासून 'हाजिमे' (सुरू करा) पर्यंतच्या वेळात ते पटकन आत खोचायचं. दमलेली पोरं पट्टा सोडून पुन्हा बांधायला लागतात, सावकाश, लाडात, जणू देवाला हार घालताहेत. तेवढाच श्वास मिळतो. आता त्याला ताकीद मिळते.

रंगाची गोष्ट तर वेगळीच. शंभरहून जास्त वर्षं ज्युदो म्हणजे पांढरं. दोघंही पांढऱ्यात, ओळखायला कमरेला एकाला लाल आणि एकाला पांढरी पट्टी. टीव्हीवर बघणाऱ्याला काही उमगत नसे आणि कधीकधी पंचांचाही घोटाळा व्हायचा. नेदरलँड्सचे आंतोन गेसिंक यांनी 1986 साली सुचवलं की एकाने निळं घालावं. हे तेच गेसिंक, ज्यांनी 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये खुल्या गटात जपानच्या अकिओ कामिनागांना त्यांच्याच घरच्या प्रेक्षकांसमोर हरवून सुवर्ण नेलं होतं. म्हणजे जपानच्या दृष्टीने जखमेवर मीठ. जपानचा विरोध वर्षानुवर्षं चालला, शेवटी 1997 मध्ये निळ्याला मान्यता मिळाली आणि सिडनीच्या 2000 च्या ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा निळा दिसला. ऑल-जपान स्पर्धेत मात्र आजही दोघं पांढऱ्यातच उतरतात. मग शास्त्रज्ञ आलेच. 2005 मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक टिपण आलं की अथेन्स ऑलिंपिकमध्ये निळे जास्त जिंकले. 2008 मध्ये डच संशोधकांनी ते खोडून काढलं: रंगाने काही फरक पडत नाही, ड्रॉची रचना आणि लढतींमधली विश्रांती यांचा तो घोळ होता. आमच्याकडे या वादाची पायरीच येत नाही. जिल्ह्याला बहुतेकांकडे निळा नसतोच. आम्ही अजून कमरेला लाल पट्टी बांधतो, गेसिंकच्या आधीच्या काळात राहतो, आणि ठीक चाललंय.

टेबलापाशी सगळ्यात जास्त वेळ जातो तो पट्टीने मोजता न येणाऱ्या गोष्टींत. शालेय स्पर्धा ऑगस्टपासून पुढे भरतात, म्हणजे राखीचा मोसम. टणक किंवा धातूचं काही अंगावर चालत नाही, हा नियम स्वच्छ आहे. पण सातवीतल्या मुलाला राखी सोडायला सांगून बघा. तो हात पाठीमागे घेतो. एकाने मला विचारलं होतं, "ताईला कळलं तर?" आम्ही राखी कापत नाही, गाठ सोडून, कागदात गुंडाळून, नाव लिहून टेबलावरच्या डब्यात ठेवतो आणि लढत झाली की परत बांधून देतो. त्याच डब्यात कानातले, घोट्याचे काळे दोरे, ताईत, एखादा चांदीचा करदोटाही असतो. संध्याकाळी तो डबा जत्रेतल्या दुकानासारखा दिसतो. नखं कापायला नेलकटर बांधून ठेवलेलं आहे, कारण मोकळं ठेवलं की जातं.

मुलींनी आत साधा पांढरा, अर्ध्या बाहीचा टीशर्ट घालायचा. मुलांनी आत काही नाही. लहान मुलं बनियन काढायला लाजतात आणि मुलींच्या टीशर्टवर हमखास मांजर किंवा शाळेचा बोधवाक्यासकट शिक्का असतो. "उलटा घाल" हा आमचा जिल्हास्तरीय तोडगा, जो कुठल्याही पुस्तकात नाही. आणखी एक गोंधळ बाजूंचा. जॅकेटची डावी बाजू वर यायला हवी. जपानमध्ये उजवी बाजू वर फक्त अंत्यसंस्काराच्या वेळी मृताच्या किमोनोची असते, त्यामुळे तिथे ही चूक कुणी सहजासहजी करत नाही. आपल्याकडे मुलींच्या फ्रॉकची, शर्टाची बटणं जशी लागतात त्या सवयीने हात उजवी बाजू वर घेतो. मी कारण सांगत नाही. लढतीला निघालेल्या मुलीला काय सांगायचं?

कपड्याचा नियम माणसापेक्षा मोठा कधी होतो, हेही या खेळाने दाखवलं आहे. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सौदी अरेबियाने पहिल्यांदाच महिला खेळाडू पाठवल्या, त्यातली एक सोळा वर्षांची ज्युदोका होती, वोजदान शहरखानी. डोकं झाकूनच खेळेन, ही तिची बाजू. ज्युदोत गळा आवळण्याचे डाव आहेत, डोक्याच्या फडक्याने धोका होईल, ही आंतरराष्ट्रीय महासंघाची बाजू. खूप चर्चा होऊन पोहण्याच्या टोपीसारखी घट्ट काळी टोपी मान्य झाली. तिची लढत प्वेर्तो रिकोच्या मेलिसा मोहिकाशी 82 सेकंद चालली आणि ती हरली. ज्युदो म्हणून बघायचं तर त्यात काही नव्हतं, ती त्या पातळीची खेळाडू नव्हतीच. पण नियम करणाऱ्यांनी तिथे नेमका प्रश्न विचारला असं मला वाटतं: या कपड्याने तिला किंवा समोरच्या बाईला इजा होईल का, समोरच्या बाईचा काही हक्क जाईल का? उत्तर 'नाही' असं आलं, मग वाट काढली. माझ्या टेबलावर वाद होतो तेव्हा मी हाच प्रश्न धरून ठेवते. दुसऱ्या टोकाचं उदाहरणही आहे. 2019 मध्ये बाकूच्या ग्रँड स्लॅममध्ये पोर्तुगालच्या आन्री एगुतिद्झेच्या जॅकेटमधून लढत चालू असताना मोबाईल पडला, आणि तो थेट बाद. त्याची गोष्ट मी पोरांना दरवर्षी सांगते. दरवर्षी कुणीतरी हळूच कमरेला हात लावून बघतं.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. आपण मुलांना कपडे वाढत्या अंगाचे घेतो. दिवाळीचा सदरा, शाळेचा गणवेश, सगळं दोन वर्षं पुरेल असं. ज्युदोचा ड्रेसही तसाच घेतला जातो: 140 उंचीच्या पोराला 160 चा. मग बाही पंजाच्या बाहेर लोंबते, आई ती आत दुमडून टाके घालते. नियम दुमडलेल्या बाहीला परवानगी देत नाही आणि ते बरोबरही आहे, कारण त्या दुमडीत समोरच्याचं बोट अडकून मोडू शकतं. त्याच पोराची उंची पुढच्या वर्षी भसकन वाढते आणि दरम्यान ड्रेस आटतो. कोरं सुती कापड पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटतंच. म्हणून माझा सल्ला एवढाच असतो: दुकानात माप बघू नका, घरी आणून दोनदा थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा आणि मग घालून हात पुढे करायला सांगा. गरम पाणी, मशीनचा ड्रायर, उन्हाचा तडाखा, यांतलं काहीही झालं तर बाही बोटभर वर गेलीच समजा. उसवलेली दुमड दिसली की मला वाईट वाटतं. शिवणीची एक ओळ फिकी, एक गडद. खालचं कापड कोरं, बाकीचं धुऊन पिवळटलेलं. त्या बाहीवर दोन वर्षांची उंची मोजता येते.

पावसाळ्यात तर कठीणच. कोकणातून येणारी टीम दमट ड्रेस घेऊन येते. नियम सांगतो की ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा ड्रेस, स्वच्छ, कोरडी आणि दुर्गंधी नसलेली असावी. साडेसातशे ग्रॅमच्या वजनाचं कापड श्रावणात रत्नागिरीत दोन दिवसांत कसं वाळणार, हे मात्र नियम सांगत नाही. एका कोचने मला एकदा इस्त्री फिरवून वाळवलेला ड्रेस दाखवला होता. वास येत होता, सोडला. कुबट वासाने कुणाची पकड सुटत नाही.

मग येतं लेबल. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत मान्यताप्राप्त कंपनीचाच ड्रेस चालतो आणि त्यावर महासंघाचं लेबल लागतं, 2015 पासून लाल. पांढरा आणि निळा असे दोन्ही लागतात, आणि असा एकेक ड्रेस दहा-पंधरा हजारांच्या पुढे जातो. मणिपूरच्या लिंथोई चनम्बमने 2022 मध्ये साराजेव्होत कॅडेट, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, गटाचं जागतिक सुवर्ण जिंकलं, भारताचं ज्युदोतलं ते पहिलं जागतिक पदक. त्या पातळीवर जायचं तर तो खर्च कुणीतरी उचलायलाच हवा, सरकारने, संघटनेने, प्रायोजकाने. लेबलमागचं तत्त्वही मला मान्य आहे: कापडाची वीण आणि ताठरपणा सारखा राहावा, दर स्पर्धेत कापड तपासत बसावं लागू नये. पण ते लाल लेबल हळूहळू खाली झिरपायला लागलं आहे. राज्य पातळीवर, मग विभागात, कुणी ना कुणी उत्साही माणूस उठून "आपणही लेबल सक्तीचं करू" असं म्हणतो. त्याला माझा ठाम विरोध असतो आणि बैठकांत मी तो बोलून दाखवते. हजार-दोन हजारांत मेरठ-जालंधरचा जो ड्रेस मिळतो, त्याची बाही मनगटापर्यंत येत असेल, पट्टी आत सरकत असेल, कॉलर बोटांत मिटत असेल, तर समोरच्या पोराचा हक्क पूर्ण झाला. लेबलाने त्या पोराला आणखी काय मिळतं? आदिवासी आश्रमशाळेतून आलेल्या संघात दोन ड्रेसवर सहा मुलं खेळतात, एकाची लढत झाली की तो कोपऱ्यात जाऊन जॅकेट काढतो, दुसरा ते घामासकट घालतो. त्यांना लेबल विचारायचं?

उलट जिथे मी अजिबात ढिली होत नाही अशा जागाही आहेत. चौदा वर्षांखालच्या मुलाची बाही दोन बोटं लांब असेल तर मी सोडते, तो त्रास त्याचा त्यालाच. दोन बोटं आखूड असेल तर सोडत नाही. कॉलर आतून टणक लागली की अजिबात नाही, मग कोच कितीही नावाजलेला असो. जाणूनबुजून तंग शिवून आणलेला ड्रेस नवशिक्याकडे कधी नसतो. तो नेहमी चांगल्या खेळाडूकडे सापडतो, ज्याला त्याची गरजही नसते. तिथे फार बोलणी खावी लागतात. "मॅडम, तुम्ही पोरीचं पदक घालवलंत," हे मी ऐकलं आहे. पोरीने राखीव ड्रेस घातला असता तर पदक तिथेच होतं.

राखीव ड्रेसची सोय करणं हे मात्र आयोजकांचं काम आहे आणि ते बहुतेक ठिकाणी होत नाही. नुसतं "नापास" म्हणून पोराला पळवायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून आमच्या टेबलाखाली एक खताची रिकामी गोणी असते, धुतलेली, आणि तिच्यात मोठ्या झालेल्या पोरांचे जुने ड्रेस असतात. कुठल्या जॅकेटच्या आत मार्करने तिघा-चौघांची नावं लिहिलेली असतात, एक खोडून खाली दुसरं. नापास झालेलं पोर गोणीत हात घालतं, दोन जॅकेटं अंगाला लावून बघतं, तिसरं घालून मॅटवर पळतं. संध्याकाळी गोणी परत भरते. सगळे परत आणून देतात असं नाही. जे नेतात त्यांनी न्यावं.

गोणीत 140 आणि 150 मापाचे कायम कमी पडतात, मुलींना तर जास्तच. घरात कपाटाच्या वरच्या फळीवर एखादा पडून असेल, मुलगा आता इंजिनिअरिंगला असेल, तर जवळच्या कुठल्याही क्लबमध्ये नेऊन द्या. खांद्यात उसवला असला तरी चालेल, शिवून घेऊ. बाही मनगटापर्यंतची ठेवा, कापू नका. पट्टे देऊ नका, पट्टे आमच्याकडे भरपूर आहेत. सगळे ड्रेस देतात ते पट्टा ठेवून घेतात, आणि पट्टा देतात ते फक्त पिवळा.